'एक जुना वाचक' यांना उत्तर: ओरेगनचे धावपटू ओरेगनचेच

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहिलेलं टाकू नये म्हणून थांबले. राग पुरता गेलेला नाही, तरी आता लिहिते.

इतरांसाठी आधी संदर्भ. अमेरिकेच्या २०२४च्या ऑलिंपिक ट्रायल्सवर, म्हणजे ऑलिंपिकचा संघ ठरवणाऱ्या धावण्याच्या शर्यतींवर, मी लेख लिहिला होता. ट्रायल्स ओरेगन राज्यातल्या युजीन गावात, हेवर्ड फील्ड या मैदानावर झाल्या, आणि तिथल्या ओरेगन विद्यापीठाचे धावपटू कुठवर पोचले, कोणाचं थोडक्यात हुकलं, एवढाच लेखाचा विषय. त्यावर 'एक जुना वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: "ज्याने विद्यापीठ सोडून तीन वर्षं झाली, ज्याला नाईकी पैसे देते आणि जो व्हर्जिनियात सराव करतो, त्या कोल हॉकरला 'ओरेगनचा' म्हणणं ही वाचकांची दिशाभूल आहे. या विद्यापीठामागे बुटांच्या कंपनीचा किती पैसा आहे, त्यावर एक ओळ नाही. आपल्या अविनाश साबळेवर लिहायला लेखणी झिजते का? मैदानावर कधी पाय न ठेवलेल्यांनी घरात बसून असल्या भक्तिगाथा लिहू नयेत."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच लागलं.

मी मैदानावर पाय ठेवलेला नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? इतकी वर्षं हा ब्लॉग वाचता म्हणता, मग हेही वाचलं असेल की कॉलेजात असताना मी पंधराशे मीटर धावायचे. आमचा ट्रॅक म्हणजे लाल मातीवर फक्कीने मारलेल्या रेघा. पावसाची सर येऊन गेली की आतली रेघ पुसली जायची आणि मग कोण किती आतून पळतंय यावरून भांडणं. शेवटचा लॅप सुरू झाला की शिपाई शाळेची पितळी घंटा बडवायचा. त्या घंटेनंतर छातीत काय होतं ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी झाली तेव्हा मी दुसरी आले होते. काही दिवसांनी यादी लागली. पहिलीचं नाव होतं, तिसरीचं होतं, चौथीचंही होतं. माझं नव्हतं. विचारायला गेले तर 'अनुभव बघून निवड केली' एवढंच उत्तर मिळालं, आणि तेही मान वर न करता. त्या चौथ्या मुलीवर माझा राग नव्हता, आजही नाही. पण घड्याळाने एक सांगितलं आणि कागदाने दुसरं, ही गोष्ट मी विसरले नाही. घरात बसून लिहिते, खरं आहे. युजीनला मी गेलेले नाही आणि गेले असं कधी म्हटलंही नाही. पण मला धावण्यातलं काय कळतं, हे ठरवायचा अधिकार नाव लपवून लिहिणाऱ्याला मी देणार नाही.

त्या यादीमुळेच मला अमेरिकेच्या ट्रायल्स आवडतात. तिथे निवड समितीची बैठक नसते. त्या दिवशी, त्या शर्यतीत पहिले तीन आलात आणि पात्रता वेळ किंवा जागतिक क्रमवारी हाताशी असली, की तुम्ही ऑलिंपिकला जाता. गेल्या वेळचा सुवर्णविजेता चौथा आला तर तो घरी बसतो. नियम निष्ठुर आहे, आणि दरवेळी सरळही चालत नाही. २०२४ला पाच हजार मीटरमध्ये नॉर्थ कॅरोलिनाचा पार्कर वुल्फ तिसरा आला, पण पात्रतेचं गणित जमलं नाही, आणि चौथा आलेला हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स पॅरिसला गेला. तरी तो नियम आधीच छापलेला होता, सगळ्यांना ठाऊक होता. शर्यत झाल्यावर कोणी 'अनुभव' काढला नाही.

आता तुमचा मुद्दा: हॉकर ओरेगनचा कसा?

२०२१च्या ट्रायल्सला कोल हॉकर वीस वर्षांचा होता आणि अंगात विद्यापीठाचीच जर्सी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो आणि त्याच्याच संघातला कूपर टिअर एका इनडोअर मैलाच्या शर्यतीत उतरले होते. टिअर ३ मिनिटं ५०.३९ सेकंद, हॉकर ३:५०.५५, कॉलेज खेळाडूंचा आधीचा विक्रम दोघांनीही मोडला. जूनमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हॉकरने पंधराशे जिंकली आणि टिअरने पाच हजार. मग लगेच ट्रायल्स, त्याच मैदानावर. शेवटच्या दिवशी, २७ जूनला, युजीनमध्ये इतकं ऊन होतं की पाच हजारची अंतिम शर्यत सकाळी दहालाच घेतली. टिअर चौथा आला, तिसऱ्या वुडी किंकेडच्या मागे एका सेकंदाच्या आत. दुपारी उन्हामुळे स्पर्धाच थांबवावी लागली. रात्री ती पुन्हा सुरू झाली तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होती, नऊ वाजून गेलेले. मी ओट्याशी उभी होते, एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्यात फोन.

हॉकरच्या पुढे होता मॅथ्यू सेंट्रोविट्झ, रिओ ऑलिंपिकचा पंधराशेचा सुवर्णविजेता. १९०८नंतर पहिल्यांदा ते सुवर्ण अमेरिकेला मिळवून देणारा. तोही ओरेगनचाच. त्याचे वडीलही ओरेगनकडूनच धावलेले, १९७६च्या ऑलिंपिक संघातले. शेवटच्या सरळ पट्ट्यात हॉकरने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. ३:३५.२८ आणि ३:३५.३४. सहा शतांश सेकंद. पात्रता वेळ होती ३:३५.००, म्हणजे जिंकूनसुद्धा ती हुकलीच. क्रमवारीच्या जोरावर तो टोकियोला गेला आणि तिथे सहावा आला.

ही शर्यत मी नुसती दोन नावं म्हणून बघितली असती तर त्यात एक तरुण जिंकला आणि एक जुना दुसरा आला, बस्स. पण ओरेगनच्या धाग्याने बघितली म्हणून मला त्यात तीन पिढ्या दिसल्या, आणि सकाळी चौथा आलेला टिअरही दिसला. तुम्ही म्हणता तसं 'सध्या पटावर नाव असलेलेच ओरेगनचे' असं धरलं, तर सेंट्रोविट्झ या गोष्टीतून जातो. मग उरतं काय?

हॉकरने त्यानंतर व्यावसायिक करार केला, हे खरं. पण व्हर्जिनियाला तो का गेला तेही सांगायला हवं होतं तुम्ही. ओरेगनमध्ये त्याला घडवणारे कोच बेन थॉमस २०२२मध्ये व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात गेले. हॉकर आणि टिअर दोघेही त्यांच्या मागे गेले. गाव बदललं, शिकवणारा तोच राहिला. भीमसेन जोशींनी आयुष्य पुण्यात काढलं, म्हणून त्यांना किराणा घराण्याचे म्हणायला कोणी हरकत घेतली का? कोणाकडे शिकला, कोणत्या मैदानावर पाय बसले, यावरून माणूस कुठला ते ठरतं. पैसे कोणाकडून येतात आणि वीजबिल कुठल्या पत्त्यावर जातं, यावरून नाही. २०२४ला त्याच हेवर्ड फील्डवर हॉकरने ३:३०.५९ अशी ट्रायल्सची विक्रमी वेळ नोंदवून पंधराशे जिंकली, आणि पुढे पॅरिसमध्ये ३:२७.६५ या ऑलिंपिक विक्रमासह सुवर्ण. तो ओरेगनचा नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी म्हणणार नाही.

आणि खुद्द विद्यापीठ काय मानतं ते बघा. हेवर्ड फील्ड पाडून नव्याने बांधलं, १९१९पासूनचं मैदान ते. नव्या मैदानाच्या कोपऱ्यात उंच मनोरा आहे आणि त्यावर पाच जणांच्या प्रतिमा आहेत: कोच बिल बॉवरमन, आणि विद्यापीठाचे माजी खेळाडू स्टीव्ह प्रीफाँटेन, ओटिस डेव्हिस, अ‍ॅश्टन ईटन आणि रेव्हन रॉजर्स. रॉजर्सने विद्यापीठ सोडलं २०१७मध्ये. २०२१च्या ट्रायल्सला आठशे मीटरची अंतिम शर्यत ती स्वतःच्याच प्रतिमेखाली धावली, १:५७.६६ अशी वेळ देऊन अ‍ॅथिंग मूच्या मागे दुसरी आली आणि टोकियोत कांस्य घेऊन परतली. स्वतःचीच एवढी मोठी प्रतिमा डोक्यावर असताना शेवटचे दोनशे मीटर कसे धावत असेल बाई! तिलाही 'माजी' म्हणून यादीतून वगळायचं का? मग आधी तो मनोरा पुसायला सांगा.

उलट बाजूनेही बघा. २००८ला, पुष्कळ वर्षांनी ट्रायल्स युजीनला परतल्या तेव्हा, आठशेची अंतिम शर्यत झाली. पहिला निक सिमंड्स, दुसरा अँड्र्यू व्हीटिंग, तिसरा ख्रिश्चन स्मिथ. तिघेही युजीनमध्ये सराव करणारे, पण विद्यापीठाचा विद्यार्थी एकटा व्हीटिंग. तो व्हर्माँटहून आलेला, आधी फुटबॉल खेळणारा, धावायला उशिरा लागलेला मुलगा. स्मिथने रेषेवर अक्षरशः अंग झोकून दिलं आणि खडेविस रॉबिन्सनला मागे टाकलं, तेही सहा शतांशांनीच. त्या शर्यतीवर लिहिताना सिमंड्सला मी ओरेगन विद्यापीठाचा म्हटलं नव्हतं, कारण तो तिथे शिकला नाही. तो विलामेट विद्यापीठाचा. म्हणजे फरक मला कळतो. कळूनसवरून लिहिते. 'दिशाभूल' हा शब्द वापरण्याआधी जुन्या वाचकाने जुना लेख उघडून बघायला हवा होता.

एक गोष्ट मान्य करते. लेखात नावांपुढे विद्यार्थी कोण, माजी कोण आणि कोण कोणत्या कंपनीकडून धावतो हे दिलं असतं तर नव्या वाचकांना सोपं गेलं असतं. यापुढे देईन. ही सूचना तुम्ही एका साध्या ओळीत केली असती तर मी आभार मानले असते. आत्ताही मानते, पण ज्या सुरात ती आली त्या सुराचे नाही.

नाईकीच्या पैशाबद्दल: त्यात लपवण्यासारखं काही नाही. बॉवरमन ओरेगनचे कोच, फिल नाइट त्यांच्या हाताखाली धावलेला विद्यार्थी, आणि दोघांनी १९६४मध्ये सुरू केलेली कंपनी म्हणजे आजची नाईकी. नवं मैदान उभं राहण्यात नाइट यांच्या पैशाचा मोठा वाटा आहे. जगजाहीर आहे हे. माझा लेख धावण्यावर होता, हिशेबावर नव्हता. त्यावर इतरांनी लिहिलेलं आहे, ते वाचा.

साबळेबद्दल एवढंच. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या या मुलावर मी लिहिलेलं आहे, शोधाच्या चौकटीत नाव टाका, सापडेल. २०२२च्या जागतिक स्पर्धेची स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायची, अंतिम शर्यत तो याच हेवर्ड फील्डवर धावला आणि अकरावा आला, तेही त्या लेखात आहे. त्याच वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० वेळेत रौप्य घेतलं, तेही आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. साबळे घडला तो सैन्यात. आपल्या कुठल्या विद्यापीठाने त्याला ट्रॅकवर आणलं नाही. ओरेगनवर मी इतकं लिहिते त्याचं एक कारण हेच आहे. अठरा वर्षांच्या मुलाला वसतिगृह, कोच, ट्रॅक आणि वर्षभर स्पर्धा देऊन चार वर्षांत ऑलिंपिकच्या दारापर्यंत नेणारं विद्यापीठ असू शकतं, हे आपल्याकडच्या एखाद्या क्रीडा संचालकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या मुलींच्या चाचणीची यादी घड्याळाप्रमाणे लागावी, असंही वाटतं. याला भक्तिगाथा म्हणायचं असेल तर तो तुमचा शब्द.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. असहमती मला चालते, या ब्लॉगवर ती नेहमीच चालत आली आहे. पण यापुढे 'घरात बसून' वगैरे वैयक्तिक लिहिलंत तर ते प्रसिद्ध होणार नाही. हॉकर, रॉजर्स, व्हीटिंग, कोणाबद्दलही नवा मुद्दा असला तर जरूर लिहा, आणि स्वतःच्या नावाने लिहा. मी माझ्या नावानेच लिहिते.