तेल संपायच्या आधी हप्ते थकतात

विषय होर्मुझवरनं, म्हणजे आखातातलं तेल जिथनं बाहेर पडतं त्या सामुद्रधुनीवरनं निघाला आणि कोल्हापूरच्या गंगावेशीत दुधाचे ग्लास हातात येईपर्यंत संजूनं निकालच दिला. "तेल संपणार म्हणून 1956 पासनं ओरड चाललीय. तो अमेरिकेतला भूशास्त्रज्ञ हबर्ट! काय झालं? अमेरिका आज दिवसाला 1.3 कोटी पिंपं काढायलीय. नाद करायचा न्हाई!"

संजू म्युच्युअल फंड विकतो. जग वाढतच राहणार हे गृहीत धरल्याशिवाय त्याचं दुकान चालत नाही, त्यामुळं बोलताना आवाजही वाढतच जातो.

आप्पांचा उभा जन्म उद्यमनगरात लेथवर गेला. ते मिशीवरची साय पुसून म्हणाले, "हबर्टनं अमेरिकेच्या तेल काढण्याचं टोक 1970 च्या आसपास सांगितलं, ते 1970 ला आलं की. पुढं शेल, म्हंजे खडक फोडून काढलेलं तेल, निघालं ते त्याला दिसलं न्हाई, मान्य. पण शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याच्या वर आटती. आहे तिथं उभं राहायला सारखी नवी भोकं पाडायची. रसवंतीवर बघ. पहिल्या फेरीला ऊस भळाभळा रस देतोय. चौथ्या फेरीला बी देतोय, पण चरकाचं डिझेल रसापेक्षा महाग पडतंय."

"मग भाव वाढवायचा! भाव वाढला की सगळं परवडतंय."

"कुणाला? 2008 च्या जुलैत पिंप 147 डॉलरला गेलं, डिसेंबरात 40 च्या खाली आलं. नवं तेल सापडलं म्हणून व्हय? घेणारा मोडला म्हणून."

"ते बँकांमुळं, आप्पा!"

"आणि बँका कशानं बुडाल्या? हप्ते थकले म्हणून. पेट्रोलला जास्त गेलं की हप्त्याला कमी राहतंय, हे तुला मी सांगायचं? भाव चढला की गिऱ्हाईक मरतंय, उतरला की खोदणारा मरतोय. 2020 च्या एप्रिलात अमेरिकेत भाव शून्याच्या खाली गेला, तवा जमिनीत तेल कमी होतं का?"

घरांची कर्जं वाटेल त्याला वाटली होती, हे त्या पडझडीचं मोठं कारण होतंच. पण आप्पांचा मुद्दा मला सोळा आणे पटतो. आपण पंप कोरडा पडायची वाट बघत बसलोय, आणि मर्यादा येते ती आधी कर्जाच्या वहीत. तीन टक्क्यांनी वाढणारी अर्थव्यवस्था चोवीसेक वर्षांत दुप्पट होते. व्याज फेडायचं तर ती वाढायलाच हवी, आणि आजवर ती वाढली तेव्हा बहुतेक वेळा जळणही वाढलं. आप्पांनी ते एका वाक्यात सांगितलं: "कर्ज म्हणजे उद्याच्या डिझेलवर आज उठवलेला अंगठा."

संजू गप्प बसला तर संजू कसला. "इलेक्ट्रिक गाड्या आल्यात, सोलर आलंय..."

"माझ्या ट्रॅक्टरला शिवारात चार्जिंग कोण लावणार, तू?" बंडू उसळला. त्याचा करवीर तालुक्यात दोन एकर ऊस. "शेतीची लाइट रात्री येती मर्दा. आमचं इथेनॉलच तारणार देशाला."

ह्यावर आप्पा त्यालाही सोडेनात. "तुझ्या उसाला युरिया लागतोय, तो नैसर्गिक वायूपासनं. नांगरट डिझेलवर, वाहतूक डिझेलवर. आणि पाऊस कमी झाला तवा 2023 च्या डिसेंबरात सरकारनंच रसापासनं इथेनॉल करायला ब्रेक लावला. 85 टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरनं आणणारा देश आपण. इथेनॉल करा, सोलर बी करा. पण त्याच्यावर सगळं दुप्पट हुईल म्हणून कर्जं काढू नका."

बंडूला बोलायला जागा उरली नाही, तेव्हा तो संजूवर घसरला. "आप्पा, ह्याला काय तेल शिकवताय? गेल्या गणपतीत माझी गाडी पन्हाळ्याला नेली. टाकी फुल होती. रिझर्व्हवर आणून लावली आणि वर मलाच म्हणतोय, तुझ्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय!"

"घाट होता!" संजू ओरडला.

"पन्हाळा वर हाय, येताना उतारच की रं!"

दूधवाल्यासकट सगळे हसले. संजूनं विषय शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलमधल्या त्या वादग्रस्त पेनल्टीवर नेला, आणि मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ सुरू झाल्यावर आप्पांचाही आवाज चढला.