हॉजकिनबाईंनी इन्सुलिन लपवलं नव्हतं

रविवारी सकाळी सांगलीहून मावसभावाचा फोन आला. मावशीनं दोन दिवस इन्सुलिनची सुई घेतलेली नाही, शुगर साडेतीनशेच्या वर. मावशीला विचारलं तर म्हणाली, "तुला पाठवलंय बघ, वाच. तू केमिस्ट्रीवाली ना?"

वाचलं. तुमच्याही ग्रुपवर आलं असेल. म्हणणं असं: इंग्लंडच्या रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी 1935 साली इन्सुलिन शोधलं, पण औषध कंपन्यांनी त्याचं 'सूत्र' 34 वर्षं दाबून ठेवलं. एक्स-रेनं इन्सुलिन 'बनवताना' बाईंचे हात वाकडे झाले आणि तोच एक्स-रे आजही प्रत्येक बाटलीत असतो. बाईंनी बोलू नये म्हणून त्यांना नोबेल दिलं. त्यात पुढे ब्रिटनची पंतप्रधान झालेली मार्गारेट थॅचर त्यांची शिष्या, म्हणजे बघा! खाली अर्थातच 'दहा जणांना पाठवा'.

आधी बाटलीचं, कारण सुई त्यापायी बंद झाली. क्ष-किरण हा उजेडाचाच भाऊबंद. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच यंत्र बंद झालं की क्ष-किरणही राहत नाहीत. मावशे, मागे तुझं मनगट मोडलं तेव्हा एक्स-रे काढला होता. त्यानंतर तू काय किरण सोडत फिरत होतीस? आणि क्ष-किरणांनी इन्सुलिन बनत नाही, त्याचा रेणू कसा रचलेला आहे एवढंच कळतं. ज्या बारीक दाण्यांवर हे किरण सोडले ते प्रयोगशाळेतच राहिले. तुझ्या पेनमधलं इन्सुलिन जिवाणूंकडून नाहीतर यीस्टकडून करून घेतलेलं असतं. डॉक्टरांना न विचारता ते बंद करणं हाच या सगळ्या मजकुरातला एकमेव खरा धोका.

शोधाचं एका ओळीत उरकते. टोरांटोत बँटिंग, बेस्ट आणि सहकाऱ्यांनी इन्सुलिन वेगळं केलं 1921 साली, जानेवारी 1922 मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचलं. हॉजकिनबाई तेव्हा 11 वर्षांच्या होत्या.

आता ती 34 वर्षं. आकडा बरोबर आहे, मान्य. 1935 साली त्यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचा क्ष-किरण फोटो काढला आणि रचना उलगडली 1969 मध्ये. पण दाबून कुठे ठेवलं? तो फोटो त्याच वर्षी 'नेचर'मध्ये छापून आला, क्रोफूट या माहेरच्या नावानं. जगजाहीर नियतकालिकात छापून लपवाछपवी करण्याची ही नवीनच तऱ्हा. अडचण वेगळीच होती. हा फोटो म्हणजे छातीचा एक्स-रे नव्हे. फिल्मवर नुसते ठिपके उमटतात. ठिपका किती गडद हे मोजता येतं, पण त्या ठिपक्यापाशी क्ष-किरणांची लाट कुठल्या टप्प्यावर येऊन पोचली हे फिल्म सांगत नाही, आणि त्याशिवाय अणूंच्या जागा काढता येत नाहीत. त्यावर तोड म्हणून स्फटिकात जड धातूंचे अणू घुसवायचे आणि ठिपके कसे बदलतात ते पाहायचं. इन्सुलिन हे प्रथिन, आणि प्रथिनांसाठी ही युक्ती शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांनी वापरात आणली 1950 च्या दशकात. त्यात इन्सुलिनमध्ये शेकडो अणू, आणि आकडेमोडीला नीट संगणक नाहीत. कोणत्याही प्रथिनाचं पहिलं चित्र, मायोग्लोबिनचं, 1958 मध्ये आलं. 1935 साली कंपन्या दाबणार तरी काय?

1969 चा लेखही 'नेचर'मध्येच आहे. त्याच्या लेखकांत एम. विजयन हे नाव आहे, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि प्रथिनांच्या स्फटिकांवर आयुष्यभर काम करत राहिले. त्या रचनेत दिसलं की स्फटिकात इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकमेकांना धरून बसतात. सुटे झाल्याशिवाय ते पटकन रक्तात उतरत नाहीत. म्हणून पुढे रेणूच्या टोकाजवळच्या दोन अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दोन कड्यांची, अदलाबदल करून लवकर सुटं होणारं इन्सुलिन केलं. मावशी जेवणाआधी घेते ते याच जातीचं. म्हणजे ज्या बाईंच्या नावानं सुई बंद झाली, त्यांच्याच कामाचा वाटा त्या सुईत.

हातांचं म्हणाल तर त्यांना संधिवात होता, ऱ्हुमॅटॉइड. वयाच्या 24 व्या वर्षीच निदान झालं. सुरुवातीच्या काळात क्ष-किरणांनी लोकांची बोटं गेली हे खरं, पण बाईंचं दुखणं ते नव्हे. त्याच वाकड्या बोटांनी त्यांनी पुढची कित्येक वर्षं काम केलं.

नोबेल 1964 चं, पेनिसिलिन आणि बी-12 सारख्या रेणूंच्या रचनांसाठी. इन्सुलिनची रचना त्यानंतर पाच वर्षांनी आली. तोंड बंद करायला दिलं म्हणावं तर ते बंद झालेलं दिसत नाही.

राहता राहिली थॅचर. ते मात्र खरं आहे. मार्गारेट रॉबर्ट्स असताना त्यांनी ऑक्सफर्डला शेवटच्या वर्षी हॉजकिनबाईंच्या हाताखाली ग्रामिसिडिन एस या प्रतिजैविकावर काम केलं होतं. त्यावरून मावशीनं सुई का सोडावी, ते मजकूर लिहिणाऱ्यालाच विचारा.