आधी परतीचं बोला

शनिवारी रात्री कुठे जायचं यावर आमच्या ग्रुपवर दोन तास काथ्याकूट झाला. रील्स फिरले, फोटो फिरले, कुठे कुठला डीजे आहे याची माहिती आली. मी मधेच विचारलं, "परत कसं यायचं?" उत्तर आलं, "बघू गं तेव्हा."

'तेव्हा' म्हणजे रात्री पावणेदोन. फोनची बॅटरी ६ टक्के, कॅब दोनदा रद्द झालेली, आणि "बघू गं" म्हणणारा गृहस्थ बाईकला किक मारून केव्हाच पसार.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: मोठ्या शहरात रात्रीचं ठिकाण निवडताना सुरुवात घराच्या दारापासून करावी. आधी शेवटची गाडी पाहावी, मग तिच्या वाटेवर काय आहे ते बघावं. टोकियोत लोक अगदी हेच करतात. तिथल्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास थांबतात त्या थेट पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतात. शेवटच्या गाडीला तिथे 'शूदेन' म्हणतात. ती पकडायची की पहिल्या गाडीपर्यंत बाहेरच राहायचं, हे ठरवल्याशिवाय रात्रीचा बेत पुढे सरकत नाही. लंडनमध्ये २०१६ साली रात्रभर धावणारी मेट्रो सुरू झाली खरी, पण फक्त शुक्रवार-शनिवारी आणि तीही काही मोजक्याच मार्गांवर. म्हणजे तिथेसुद्धा कुठल्या मार्गावर बसायचं याचा हिशोब करावाच लागतो.

एक क्लब निवडण्यापेक्षा एक गल्ली निवडा, हेही मी सांगत असते. जिथे पाच-सहा जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तिथे पहिली फसली तर दुसरी सापडते. शिवाय बाहेर पडलं की रस्त्यावर माणसं दिसतात. शहराच्या टोकाला एकट्या उभ्या असलेल्या त्या भव्य, चकचकीत जागेत एकदा शिरलं की तिच्याच मर्जीवर राहायचं. बाईला हा फरक चटकन कळतो. पुरुषांना समजावून सांगावा लागतो.

आता आवाज. आम्ही पाच जण तीन महिन्यांनी भेटलो आणि रात्रभर एकमेकांना "काय?" एवढंच म्हणालो. साधारण हिशोब असा की ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास चालतो, पण पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मर्यादा सुचवली तीही १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची, आणि कानाला विसावा मिळेल असा शांत कोपरा ठेवा असंही सांगितलं. असा कोपरा तुम्ही शेवटचा कुठे पाहिलात? नाचायला जायचं असेल तर इअरप्लग घेऊन खुशाल जा. गप्पा मारायच्या असतील तर गुणगुणल्यासारखं संगीत असलेली जागा शोधा, तिला 'बोअर' म्हणणारे म्हणोत.

बेसमेंटमधल्या जागांच्या बाबतीत मी जरा हेकट आहे. आत गेल्या गेल्या दुसरं दार कुठे आहे ते बघते. मित्र हसतात, हसू देत. जानेवारी २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात 'किस' नावाच्या क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने छताचा फोम पेटला. बाहेर पडायला दार एकच. २४२ माणसं गेली.

बाकी रेटिंग, सजावट, कोण सेलिब्रिटी येऊन गेला, हे ज्याला पाहायचं त्याने पाहावं.

पुढच्या शनिवारसाठी ग्रुप पुन्हा पेटलाय. मी एवढंच लिहिलंय, "शेवटची गाडी बारा चाळीसला आहे." अजून कोणी काही बोललेलं नाही. बाईकवाल्याने अंगठा दिलाय, पण तो सगळ्यालाच देतो.