सीता, गोलम आणि अकरा नंबरची बस

"गीतरामायण ऐकत वाढलेल्या घरातली पोर राक्षस-बुटक्यांची गाणी म्हणते!" घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने हे लिहिलं आणि माझं डोकं तापलं. इथे बर्मिंगहॅमला शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत लेक लेड झेपेलिन या रॉक बँडचं 'रॅम्बल ऑन' म्हणत होती, त्याचा व्हिडिओ मी कौतुकाने टाकला होता. दादाच्या वाक्याला पुण्याहून भराभर अंगठे आले.

राक्षस-बुटके म्हणजे टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतले. १९६९च्या त्या गाण्यात बँडचा गायक रॉबर्ट प्लांट म्हणतो, मॉर्डोरच्या, म्हणजे त्या कादंबरीतल्या दुष्टांच्या मुलखाच्या अंधारात मला एक सुंदर मुलगी भेटली आणि गोलम नावाच्या तिथल्या कपटी प्राण्याने तिला नेलं. कादंबरीत असं काही घडत नाही. प्लांटने आपली ताटातूट त्या जगात नेऊन ठेवली. दादा, आपल्या आजीने जात्यावर दुसरं काय केलं? सीतेच्या वनवासात तिने स्वतःचा सासुरवास गायला. वाल्मीकींना विचारून?

गदिमा-बाबूजींपुढे मीही हात जोडते. १९५५ पासून वर्षभर, आठवड्याला एक गाणं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण म्हणून दुसऱ्यांची गाणी न ऐकताच हिणवायची? जेफरसन एअरप्लेन या अमेरिकन बँडचं १९६७चं 'व्हाइट रॅबिट' ऐक. 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'च्या गोष्टीतला हुक्का ओढणारा सुरवंट त्यात आहे, आणि अडीच मिनिटं ते गाणं नुसतं चढत जातं. नशेचा इशारा आहेच त्यात, मला कळतो. तेवढ्याने त्याचं पुस्तकाशी नातं तुटत नाही. पुण्यात बसून हे दिसत नसेल, आम्हाला इथे दिसतं.

आणि हे सगळं आमच्या दारातलं आहे. प्लांट शेजारच्या वेस्ट ब्रॉमविचचा. अकरा नंबरच्या बसने गेलं की सेअरहोलची गिरणी, टॉल्किनचं लहानपण तिथलं.

आमच्या दारातलं, असं लिहून गेले खरी. टॉल्किन जन्मला दक्षिण आफ्रिकेत. तीन वर्षांचा असताना इकडे आला, त्या गिरणीजवळ राहिला जेमतेम चार वर्षं, आणि तेवढ्यावर त्याने कादंबरीतल्या बुटक्यांचा अख्खा मुलूख, शायर, उभा केला. माझी लेकही आली तेव्हा तीनच वर्षांची होती. बस गिरणीजवळ आली की ती खिडकीशी सरकते. मला नऊ वर्षं झाली, मी अजून थांबे मोजते.

काल भांडी घासताना आजीची सीतेची ओवी ओठांवर आली. लेक दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, हे कुठल्या पुस्तकातलं?"

मला पुढची ओळ आठवेना.