पंधरा रुपयांचा कपॅसिटर: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ. माझ्या इलेक्ट्रॉनिक पार्टांच्या दुकानाला दोन स्टार दिलेत, वाचलं. तुमच्या तक्रारी तीन: एका कपॅसिटरचे (वीज साठवणारा छोटा पार्ट) १५ रुपये घेतले, जे ऑनलाइन १० नग ७० ला पडतात; टीव्हीच्या पॉवर सप्लायची आयसी, म्हणजे चिप, नव्हती; आणि मी "मग ऑनलाइनच घ्या ना" असं तुसडं बोललो.

तिसरी आधी घेतो. बोललो, आणि चुकलंच. तुमच्या आधी चौघं जण मोबाइलवर भाव दाखवून गेले होते, तो राग तुमच्यावर निघाला. माफी असावी.

भावाचं मात्र ऐकून घ्या. तुम्ही ८५ डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारा मागितला, मी १०५ चा दिला. तो महाग असतो. कपॅसिटर दहा डिग्री जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. आपल्याकडे मे महिन्यात घरातच पारा चाळिशीला टेकतो, टीव्हीच्या बंद डब्यात काय होत असेल? तुमच्या जुन्या नगाचं डोकं फुगून खाचेवर उकललं होतं, आठवतं? हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी नुसता भाव सांगून मोकळा झालो.

आता आयसी. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे दिवस होते तेव्हा इथे नागपुरात, सीताबर्डीत शटर वर जायच्या आधीच मेकॅनिक उभे राहायचे. बीयू ५०८ ट्रान्झिस्टर एकेक जण पाच-पाच न्यायचा, सोबत ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर. एलईडी टीव्हीत अख्खा बोर्डच बदलून टाकतात, सुटा पार्ट कोण शोधतो? उरली प्रोजेक्टवाली इंजिनीअरिंगची पोरं, अन् तुमच्यासारखे एखादे हौशी. होलसेलवाला ती आयसी ५० नगांच्या ट्यूबशिवाय, म्हणजे पॅकिंगच्या प्लॅस्टिक नळीशिवाय, देत नाही. एक तुम्ही नेणार, ४९ माझ्या खणात. अशा ट्यूबा किती पडून आहेत ते विचारू नका, घरी रोज विचारतात तेवढं पुरे.

तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला पुढच्या पार्सलात दोन नग टाकायला सांगितलेत. येताना आयसीवरचा नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिहून आणा. अक्षर बदललं की आयसीचे पायही बदलू शकतात, मग ती तुमच्या बोर्डावर बसायची नाही. रविवारी दुकान बंद असतं.