आपला शंकर दिल्लीत बसला आहे

आज पालकसभेत सहलीचा विषय निघाला. मी म्हटलं, या वर्षी मोठ्या वर्गाच्या पोरांना दिल्लीला न्या, राष्ट्रीय संग्रहालय दाखवा. एक जण लगेच म्हणाला, "दगडं पाहाले दिल्लीले कायले जा लागते? वॉटर पार्कात न्या, पोट्टे खुश होतीन." सगळी सभा हसली. गुरुजीही हसले. तेव्हापासून डोकं तापून आहे, म्हणून लिहून राहिली.

माझ्या बाबांनी आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मनसरच्या मॅंगनीज खाणीत उभा जन्म रोजी केली. लहानपणी हिडिंबा टेकडीवर ढोरं चारली. भाऊ दिल्लीला होता तेव्हा आम्ही एकदाच तिकडे गेलो. लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला, आणि शेवटच्या दिवशी मी त्यांना जनपथवरच्या संग्रहालयात नेलं. मोहेंजोदडोची ती ब्राँझची नर्तकी, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची, तिचा डावा हात बांगड्यांनी भरलेला. बाबा म्हणाले, "लमाणाच्या बायाइवानी हाय व." आणि पुढे निघाले. मला वाटलं, थकले.

मग एका मूर्तीपुढे थांबले ते हलेचनात. पाचव्या शतकातला शंकर, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक राजांच्या काळचा. डोक्यावर जटांचा भारा, पोट सुटलेलं, ओठांवर हसू. खालची पाटी त्यांनी बोट फिरवत अक्षर अक्षर लावून वाचली. "पाय व, मनसर लिहून हाय. आपलं मनसर!" त्यांनी चप्पल काढली, बाजूला ठेवली आणि हात जोडले. पहारेकरी पाहत होता, पण काही बोलला नाही. देव त्याचं भलं करो.

दगडं म्हणे!

ज्या टेकडीवर आपण बकऱ्या हाकलतो, तिच्या पोटातून विटांचं अख्खं देऊळ निघालं. शेजारचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता इथे सून म्हणून आली, नवऱ्यामागे पोरं लहान असताना तिनं राज्य चालवलं. हे सारं आपल्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आतलं. आणि आपली पोरं म्हणतात, आमच्या गावात काहीच नाही. कोणी शिकवलं त्यांना हे? आपणच शिकवलं, आजच्यासारख्या सभांमध्ये हसून हसून.

हो, दिल्लीचा खर्च झेपत नाही, मान्य. कापसाला भाव नाही तिथे सहल कुठून आणायची! मूर्ती तिकडे नीट जपून आहे, हेही खरं. इथे राहिली असती तर शेंदूर फासून कोणाच्या तरी धुऱ्यावर पडली असती. पण नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं संग्रहालय, तर दिल्लीत नाही ना? 1863 पासून उभा आहे. मूर्तिजापूरकडच्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन ब्राँझमूर्ती तिथे आहेत. आपल्यातले किती जण आत गेले? दवाखान्याच्या कामाला नागपूरला दर महिन्याला जातो आपण, आणि त्याच्या फाटकासमोरून ऑटोनं निघून जातो.

बाबांना पुढे दम्यानं खाटेवर पाडलं. आल्या-गेल्याला ते लाल किल्ला सांगत नसत. "दिल्लीले आपल्या मनसरचा शंकर बसला हाय, मी भेटून आलो," एवढंच सांगत. गेले त्याच्या आदल्या थंडीत मला विचारलं, "तिथं काचा लावून हायेत ना व? दिल्लीची थंडी लय बेकार." मी हो म्हटलं. काच होती की नाही, मला खरंच आठवत नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या भाऊंचंही काय चुकलं म्हणा, त्यांना कोणी कधी नेलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या गल्लीतले सात पोट्टे घेऊन अजब बंगल्यात चालली. सोमवार सोडून कोणता दिवस जमतो ते ठरवू. सकाळच्या एसटीनं जाऊ, डबे घरून. ज्यांना आपली पोरं पाठवायची असतील त्यांनी खाली सांगा. सभेतल्या त्या भाऊंनीही पाठवा.