नवीन कुत्रं घरी आणलंय ना, मग पहिल्याच आठवड्यात त्याला रस्त्यावर ओढू नका

आमच्या इंदौरच्या राजेंद्र नगरात हल्ली बऱ्याच घरांत कुत्री आलीयेत आणि त्यातली बरीचशी इंडी, म्हणजे आपल्या गल्लीतलीच, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एक गोष्ट बघवत नाही म्हणून लिहितेय. शनिवारी कुत्रं घरी येतं आणि रविवारी सकाळी त्याच्या गळ्यात नवीकोरी स्टीलची साखळी, मुलं पुढे, मोबाइलवर व्हिडिओ चालू, आणि ते बिचारं पोट जमिनीला टेकवून चारी पाय रोवून बसलंय तरी ओढत नेतायत. वर म्हणतात हट्टी आहे. हट्टी नाहीये हो, घाबरलंय. शेपूट पायात, कान मागे, सारखं ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, ही सगळी भीतीची लक्षणं आहेत, एकदा नीट बघा म्हणजे दिसतील.

माझं म्हणणं एवढंच की पहिले काही दिवस वॉक नकोच. अंगण असेल तर अंगण, फ्लॅट असेल तर बिल्डिंगखालचा एकच शांत कोपरा, रोज तोच, शी-शू झाली की लगेच घरी. रेस्क्यूवाले लोक 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असं सांगतात, म्हणजे पहिले 3 दिवस भांबावलेलं, 3 आठवड्यांत घराची रीत कळते आणि हे आपलं घर आहे असं वाटायला 3 महिने लागतात. प्रत्येकाचं थोडं पुढेमागे होतं, पण घाई करायची नाही हे त्यातलं खरं.

आमची भुरी आली ती मोठी होऊनच आली, नसबंदी झालेली, कानाचं टोक कापलेलं (ती नसबंदीची खूण असते, जखम नाही, बरेच जण विचारतात). आल्या आल्या दिवाणाखाली गेली. सगळ्यांना तिला बाहेर काढून लाड करायचे होते. सासूबाईंनी मात्र कुणालाच हात लावू दिला नाही, रोज दुपारी दिवाणाशेजारी खुर्ची टाकून मेथी निवडत बसायच्या, तिच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मग हळूहळू भुरीच नाक पुढे करून त्यांच्या पायाचा वास घ्यायला लागली. मला वाटतं नवीन कुत्र्यासाठी याच्यापेक्षा मोठं काही करता येत नाही, त्याला जवळ यायचं की नाही हे त्याला ठरवू द्यायचं. पाहुण्यांनाही सांगायचं, वाकून डोक्यावर हात नका फिरवू.

खाणं आधी जे खात होतं तेच ठेवा, बदलायचं तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत, नाहीतर जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, आणि आपल्या इंदौरात प्रेमाने शेव टाकायची सवय आहे ती पण नको.

आता लीश, म्हणजे हातात धरायचा पट्टा. साखळी नको आणि सुरुवातीला नुसती कॉलर पण नको, कारण बऱ्याच इंडी कुत्र्यांचं डोकं आणि मान जवळपास सारख्याच जाडीची असते, घाबरून मागे सरकलं की कॉलर डोक्यावरून सटकन निघते आणि कुत्रं गेलं. छातीवर वाय आकार येतो तो हार्नेस (गळ्याऐवजी अंगात घालायचा पट्टा) घ्या, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका सैल, आणि साधी पाच-सहा फुटाची लीश. ती बटण दाबून लांब होणारी घेऊ नका, हातातून पडली की तिचं हँडल खडखड करत मागे येतं आणि कुत्रं जिवाच्या आकांताने पळतं.

आणि शिकवायचं घरात! हार्नेस आधी जेवणाच्या भांड्याशेजारी ठेवा, वास घेऊ दे, मग जेवताना थोडा वेळ घाला, मग लीश लावून तुमच्या डोळ्यासमोर घरभर फिरू दे, मग हातात धरा पण सैल. तुमच्या गुडघ्याजवळ आलं की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा. हॉल ते स्वयंपाकघर जमलं की अंगण, मग गेट, मग गल्ली. ओढलं तर थांबा, लीश सैल झाली की चला. बसूनच राहिलं तर ओढू नका, शेजारी आडवं वळून बसा, नाहीच उठलं तर सरळ घरी. आणि वास घेऊ द्या हो, त्याचं फिरणं म्हणजे वास घेणंच आहे.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे सकाळची कचरागाडी. गाणं वाजवत आली की नवीन कुत्रं गेटवरूनच मागे फिरतं. गाडी काही बंद होणार नाही, 2017 ला स्वच्छतेत इंदौरचा देशात पहिला नंबर आला तो या गाड्यांच्याच जोरावर. तर गाडीची वेळ टाळून फिरवा आणि घरात असताना लांबून गाणं ऐकू आलं की चिकन, गाणं थांबलं की चिकन बंद. भुरी आता गाणं ऐकून माझ्याकडे बघते.

गल्लीतली कुत्री अंगावर आली तर लीश ताणू नका, लांबून वळसा घ्या. मे महिन्यात पाच-सात सेकंद हाताचा मागचा भाग रस्त्यावर टेकवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पायालाही नाही.

लीशला झटका देण्याबद्दल बोलायलाच हवं. प्रत्येक कॉलनीत एक जण सांगणारा असतोच, "भाभीजी, एक झटका दो, सीधा हो जाएगा, उसको दिखाओ मालिक कौन है." हे मालिकवालं खूळ आलंय ते 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल या प्राण्यांच्या अभ्यासकांनी पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला तिथून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीही आधी तेच लिहिलं होतं, पण मोकळ्या रानातले लांडगे बघून 1999 मध्ये त्यांनीच सांगितलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, रोज मारामारी करून कुणी राजा होत नाही. ज्याने लिहिलं त्याने सोडून दिलं आणि आपण अजून कुत्र्यांच्या माना हिसकतोय. मला याचा खरंच राग येतो.

गळ्यात फोन नंबरचा बिल्ला मात्र आल्या दिवशीच घाला. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेऊन रेबीजचं इंजेक्शन, जंतांचं औषध, गोचीड बघून घ्या. दिवाळीच्या आसपास किंवा रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी नवीन कुत्रं आणू नका, आणलंच असेल तर त्या दिवसांत गेट बंद आणि बाहेर नेताना लीश मनगटात न गुंडाळता मुठीत घट्ट धरून.

आमच्याकडे भुरीला लहान झालेला एक हार्नेस पडून आहे, राजेंद्र नगर किंवा सुदामा नगरमध्ये कुणाला हवा असेल तर मेसेज करा, धुऊन ठेवलाय.